मागाच्या खड्ड्यातले बिऱ्हाडकरू

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझी ओळख चौथीनंतर तुटली, त्याबद्दल आधीच माफी मागते. (ही वही कोणी वाचणार नाही, पण मागून ठेवलेली बरी.)

तर, बेडूक मी पाळले नव्हते. ते झाले.

आमचं घर विणकरांचं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून हातमागावर लुगडी विणायचे. पुढे गिऱ्हाईक कमी झालं. आमचे हे कामठीला पॉवरलूमवर जायला लागले आणि माग बंद पडला. मामाजींनी खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि त्या खोलीत पाऊल ठेवणं सोडलं. सकाळपासून पुढच्या दारात खाट टाकून बसायचे.

आता अडचण अशी की सांडपाण्याची नाली दारापलीकडे होती. सासऱ्यासमोरून सुनेने भांडं घेऊन कसं जायचं? मी लाजाळू. मी भाताची पेज, धुणवणी, सगळं गुपचूप एक फळी सरकवून मागाच्या खड्ड्यात ओतायची. माती पिऊन घेईल असं वाटलं. मातीने काही दिवस प्यायलं, मग तिचंही पोट भरलं.

दोन पावसाळे गेले. वास आला की सासूबाई शेजारणीच्या नावाने बोटं मोडत. रात्री डरांव डरांव सुरू झालं की मामाजी म्हणत, यंदा नाल्याला पाणी चांगलं आहे. मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची.

अशात गांधीबागेतल्या एका कापडवाल्याने मुलीच्या लग्नासाठी हातमागाचंच लुगडं मागितलं. मामाजी दहा वर्षांनी लहान झाले. लुगडं वेळेवर देईन, नाहीतर पैसे परत करीन, असा शब्द देऊन विसार घेतला आणि त्याच दिवशी त्या पैशांत छपरावर घालायचे कवेलू आणले. माझ्या तोंडचं पाणी पळालं. खड्डा उपसायला मी संधी शोधत होते, पण ते दारातून हलतील तर ना!

अंधाऱ्या खोलीत मामाजींनी मागाला हळद-कुंकू वाहिलं, फळ्या काढल्या, बैठकीवर बसले आणि पाय खाली सोडले. मग शांतपणे म्हणाले, "सूनबाई, खड्ड्यात कोनी बसून हाये."

कंदील आणला. हिरवंगार पाणी, कडेला शेवाळ, ठिकठिकाणी बेडूक, आणि मामाजींच्या घोट्याला टेकून एक दिवड, पाण्यातला साप. बिनविषारी, पण ते मामाजींना नंतर कळलं.

सासूबाईंच्या हिशेबी जीव तीन प्रकारचे: चुलीजवळ येऊ द्यायचे, अंगणात राहू द्यायचे आणि दिसताच झाडूने हाकलायचे. मी पहिल्यातून तिसऱ्यात जायच्या बेतात होते. कॉलेजात सायन्स शिकणारी माझी नणंद कुसुम मात्र खड्ड्याकाठी आनंदाने उकिडवी बसली.

"आई, पाह्य ना. पयले पेज आली, मंग शेवाळ आलं, मंग डासायची पिल्लं. त्यायले खायाले बेडूक अन् बेडकायच्या मागं हे दिवड. बेडूक उभयचर असते, पान्यात बी राह्यते अन् जमिनीवर बी."

"अन् माह्या चुलीपाशी बी?" सासूबाई म्हणाल्या. "पन पेज टाकली कोनं?"

पाण्यावर शितं तरंगत होती. मी पदराआडून सांगितलं, मामाजी दारात बसतात ना.

मामाजींनी दारातल्या खाटेकडे पाहिलं. "काहून वं, मी खाट सरकवली नसती काय?"

खड्ड्याच्या भिंती ढासळल्या होत्या, मागाचे खांब कलले होते. लग्नापर्यंत लुगडं होणं शक्य नव्हतं. विसार कवेलूंत गेला होता, मामाजींचा शब्द माझ्या पेजेत. ते जेवले नाहीत.

वाट कुसुमने काढली. कॉलेजात मुलं बेडूक चिरून शिकतात, तिथे नगाला पैसे मिळतात. दिवड नदीकाठी सोडली आणि मामाजी स्वतः बेडूक धरायला उतरले. मला वाईट वाटलं. माझ्याच पेजेवर वाढलेले होते. मी मुकाट्याने पोत्याचं तोंड धरून उभी राहिले. पहिल्या झपाट्यात इतके विकले की घरभर डास झाले आणि आम्ही सगळे खाजवत बसलो. कुसुम म्हणाली, सगळे उचलू नका, जोड्या राखा. मग मामाजी रोज हाक मारून विचारू लागले, "सूनबाई, पेज टाकली काय?"

विसाराची शेवटची रक्कम परत द्यायला मामाजी गांधीबागेत गेले. लुगडं न विणता पैसे कुठून आले, असं कापडवाल्याने विचारलं. मामाजी खोटं बोलत नाहीत. बेडकाचे, सूनबाईच्या पेजेवर वाढलेल्या, म्हणाले. कापडवाल्याचा हात हवेतच थांबला. नोटांवर पाणी शिंपडून त्याने त्या गल्ल्यात टाकल्या आणि हळूच विचारलं, आमच्या हौदात डास फार झाले आहेत, सूनबाईंकडून दोन-चार जोड्या मिळतील का?

लग्न होऊन आल्यापासून माझ्या हातच्या मालाला माझ्या नावाने आलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. मामाजींनी ऑर्डर घेतली. विसार मात्र घेतला नाही. मागचा पै न् पै फेडून, हात हलवत घरी आले.