चिठ्ठी माझ्या हातची

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला गच्चीवर काठी घेऊन पापड्यांवरच्या चिमण्या हाकत होतो. सुमनवहिनींचा आवाज कोरडा होता. "भावजी, हे गेले. सकाळी. लातूरहून उदगीरला आणून राहिलेत." मी म्हणालो, "बरं." साठ वर्षांपासूनचा मित्र गेल्यावर 'बरं' म्हणणारा माणूस कसा असतो हे पाहायचं असेल तर माझ्याकडे यावं. तसाच जिना उतरलो, रस्त्यावर आलो. रिक्षावाला म्हणाला, "काका, कुणाला मारायला निघालात?" तेव्हा कळलं, काठी हातातच होती... बसस्टँडवर ती कुठे ठेवली, अजून आठवत नाही.

आम्ही मुखेडचे, एका बाकावरचे. पुढे तो उदगीरच्या आयटीआयमध्ये टर्नरचं काम शिकवायला लागला आणि मी नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर चिकटवायला. दिगंबरला नाद होता मासे धरायच्या जुन्या चरख्या जमवायचा. गळाची दोरी गुंडाळायच्या त्या पितळी चरख्या, मूठ फिरवली की टिकटिक वाजणाऱ्या. गडी पक्का शाकाहारी. त्याने गळ पाण्यात टाकलेला मी एकदाही पाहिला नाही. पहिली चरखी त्याला धर्माबादला नरसय्याच्या दुकानात, मोडक्या नळांच्या ढिगात सापडली. निजामाच्या काळात साहेब लोक हौसेने तळ्यांवर मासे धरत. त्यांच्या बंगल्यांतलं सामान मोडीत निघालं की त्यातलं काही हैदराबादहून नरसय्याकडे येई. घरी तेलुगू आणि दुकानात आमची मराठी बोलणारा हा भंगारवाला मग तीस वर्षं 'दिगंबर सारांसाठी' जे जे म्हणून गोल असेल ते बाजूला काढून ठेवत राहिला. सायकलच्या घंट्यासुद्धा. दिगंबर चरखी कानाशी धरून म्हणायचा, "वसंता, या दोन तबकड्यांमधून केस जायचा न्हाई. कुणीतरी हातानं केलंय रे हे. माझ्या पोरांना मशीनवर जमत न्हाई." चाळीसेक चरख्या झाल्या, एक लोखंडी कपाट भरलं.

त्यातला राजा म्हणजे एक नमुना. परदेशात जुन्या काळी एखाद्या शोधाचं पेटंट घ्यायचं तर कागदांबरोबर त्या वस्तूचं छोटं रूपही सरकारदरबारी द्यावं लागे. असा एका चरखीचा मूळ नमुना, तळहातावर मावणारा, नरसय्याच्या पोत्यातून निघाला. त्याला लाल फितीने एक चिठ्ठी बांधलेली होती. शोध लावणाऱ्याचं नाव, तारीख, क्रमांक, सगळं शाईने लिहिलेलं. ती चिठ्ठी होती म्हणून तो नमुना. नाहीतर पितळेचं खेळणं. अक्षर पुसट झालं होतं, म्हणून दिगंबर तो धोतराच्या फडक्यात गुंडाळून नांदेडला घेऊन आला. "तू कागदातला माणूस. वाचून ठेव. पण हात लावू नको."

कागदातला माणूस! एवढं ऐकल्यावर मी कसला थांबतो? तो लग्नाला म्हणून नातेवाइकांकडे गेला आणि मी कापसाचा ओला बोळा घेऊन बसलो. मळ निघेल, अक्षर उजळेल, असा आपला हिशेब. मळ निघाला. त्याच्यामागोमाग नाव निघालं, तारीख निघाली... तीन मिनिटांत कागद धुतलेल्या रुमालासारखा कोरा. नशीब म्हणा की दुर्दैव, मजकूर मी आधीच वहीत उतरवून घेतला होता. मग मी ग्रंथालयाच्या जुन्या रजिस्टराचं कोरं पान फाडलं, चहाच्या पाण्यात बुडवलं, गच्चीवर वाळवलं, टाकाने तोच मजकूर लिहिला आणि ते त्याच लाल फितीने बांधलं. दुसऱ्या दिवशी दिगंबर पाहून म्हणाला, "अरे, लई साफ दिसून राहिली की!" मी म्हणालो, "उजेडाचा फरक." स्वतःवर इतका खूश झालो होतो की काय सांगू. हा किस्सा कधीतरी चारचौघांत रंगवून सांगायचा आणि दिगंबरच्या शिव्या खायच्या, असं ठरवलंच होतं.

मग त्याच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितली. त्याला एकच घोर, आपल्यामागे चरख्या विखरू नयेत. एका संग्रहालयाने सगळं कपाट घ्यायची तयारी दाखवली. फक्त नमुना खरा असल्याचं कुणा जाणकाराने सांगावं, एवढी अट. परदेशातल्या अशा एका जाणकाराला इंग्रजी पत्र कुणी लिहिलं? मीच. फोटोही तिरप्या उजेडात मीच काढले, सगळं नीट दिसावं म्हणून. नीटच दिसलं. उत्तर आलं, चिठ्ठी नवी आहे, कागदावर कुठल्यातरी दुसऱ्या लिपीतल्या आकड्यांचे दाब उमटलेत, अशा संग्रहाबद्दल मी काही सांगू शकत नाही. संग्रहालयानेही हात काढून घेतला. दिगंबरने भिंग लावून पाहिलं. "वसंता, हे मराठी आकडे हायत." मी म्हणालो, "दिसतात खरे." रजिस्टराच्या वरच्या पानावर मी दाबून लिहिलेले पुस्तकांचे नंबर होते ते. तो मात्र म्हणाला, "नरसय्याच्या वहीचा कागद."

तेव्हा बोलायला हवं होतं. तिथेच, त्याच मिनिटाला.

आम्ही धर्माबादला गेलो. मीही गेलो, कारण त्याला दम लागायचा आणि पिशवी धरायला कुणी हवं होतं. नरसय्याने आम्हाला पाहून आधी चहा सांगितला. दिगंबरने भर बाजारात, दहा दुकानदारांसमोर त्याला चोर म्हटलं, खोटारडा म्हटलं. नरसय्या हात जोडून म्हणत राहिला, "अय्यो सार, मला इंग्रजी वाचता येत न्हाई, मी काय लिहीन?" चहा आला. दिगंबरने घेतला नाही. मी घेतला. का, ते विचारू नका. हातात आला आणि मी प्यालो.

शेवटची भेट लातूरच्या दवाखान्यात. नाकावर मास्क, बोलायला त्रास. मी पाय दाबत होतो. मास्क जरा बाजूला करून म्हणाला, "तीस वर्षं रे... नरसय्यानं असं करायला नको होतं." आणि मी म्हणालो, "हो."

आजवर माझ्या फजित्या मी शेकडो सांगितल्या आणि लोकांना हसवलं. या एका शब्दावर कुणाला हसवता येत नाही.

तेराव्यानंतर धर्माबादला गेलो. नरसय्याने या खेपेला चहा सांगितला नाही. सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ तो एका नळाची चकती फिरवत बसला. मग म्हणाला, "सार गेले, मला कुणी कळवलं बी न्हाई. चोराला कोण कळवतंय?" मी माफी मागितली. तो म्हणाला, "माझ्या कानात सांगून काय उपेग? त्यांनी बाजारात म्हटलं. तुमी बी बाजारात म्हणा. पेपरात लिहा. पण पहिले बाईंना सांगा." म्हणून हा लेख. नरसय्याने आयुष्यात दिगंबरला एकही खोटी वस्तू दिली नाही. चिठ्ठी माझ्या हातची.

वहिनींना सांगायला परवाच्या रविवारी उदगीरला गेलो. दिगंबर दर रविवारी कपाट उघडून प्रत्येक चरखीची मूठ एकदा फिरवायचा, आतलं तेल घट्ट होऊ नये म्हणून. आता वहिनी फिरवतात. मांडीवर फडकं, शेजारी तेलाची कुपी. मी उंबऱ्याशी बसून सगळं सांगितलं, ओल्या बोळ्यापासून लातूरच्या 'हो'पर्यंत. त्यांचा हात थांबला नाही. हातातली चरखी टिकटिकत फिरली, थांबली, कपाटात गेली.

"शेवटपर्यंत म्हणत होते, माणूस ओळखायला मी चुकलो," वहिनी म्हणाल्या. "चुकलेच होते की, भावजी."

आणि त्यांनी पुढची चरखी उचलली.