ओटा नव्हे, जिना
गावठाणातल्या घरांचे नकाशे करायचं काम मी ठेक्यावर करत होतो. ड्रोनने वरून काढलेला फोटो घेऊन घरोघर हिंडायचं, भिंती, ओटे, जिने जागेवर पाहायचे आणि नोंदवायचे. कुंभार पिंपळगावला त्या दिवशी दुपार कलेपर्यंत मी पार शिणलो होतो. एका घराला बाहेरून वर जाणारा दगडी जिना होता. फोटोत तो नुसती राखाडी पट्टी दिसत होता. जिना लिहिला की पायऱ्या मोजा, रुंदी घ्या, चढणीचा बाण काढा. तेवढा जीवच उरला नव्हता. पट्टीवर ‘ओटा’ लिहिलं आणि पुढच्या घराकडे वळलो.

पुढे कच्चे नकाशे ग्रामपंचायतीत लावले, तेव्हा एक बाई माझ्यापाशी आली. त्याच घरात वर राहणारी, नवरा वारलेला, शिवणकाम करून पोट भरणारी.

“साहेब, ह्या कागदात माझ्या घरात जायाला वाटच न्हाई.”

“असं कसं?”

“खाली मोठे भाऊजी ऱ्हातेत. ते म्हणून राह्यले, कागदावर ओटा हाय, अन् ओटा माझा. पायऱ्यांवर कडबा रचला त्यायनी. गिऱ्हाईक वर येतच न्हाई.”

चूक माझी आहे, हे तिथे सांगवलं नाही. उद्या येतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. थोरले दीर दारातच बसले होते.

“एकदा लिहिलं ना साहेब? मंग परत कशाला?”

“चुकीचं लिहिलं होतं. कडबा काढा, मोजायचंय.”

“तुम्हीच काढा.”

वाद घालायचीही ताकद नव्हती. एकेक पेंढी मी खाली टाकू लागलो. वरून ती उतरली आणि दुसऱ्या टोकाने उचलू लागली. कुसळं मानेला टोचत होती. मग तिने टेपचं टोक धरलं. तेरा पायऱ्या भरल्या. सगळ्यात खालची हातभर बोळात आलेली होती.

“ती न्हाई दाखवली तर?” ती हळूच म्हणाली. “उद्या कुणी पाडा म्हणलं तर?”

“जेवढं आहे तेवढं दाखवतो, ताई. मागच्या वेळी आळस केला, म्हणून तर हे झालं.”

“म्हंजे ते तुम्हीच लिहिल्तं?”

“मीच.”

टेपचं टोक मात्र तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

दुरुस्त नकाशात जिना आला, तेराही पायऱ्यांसकट. दिरांनी हरकत घेतली नाही. नंतर त्या गल्लीतून गेलो तेव्हा पायऱ्या मोकळ्या होत्या आणि एक पोरगी कापडाची पिशवी घेऊन वर चढत होती. खिडकीत शिवत बसलेल्या तिने मला पाहिलं. चहाला काही बोलावलं नाही. बरोबरच होतं तिचं.

पुढच्या गल्लीत आणखी चार जिने मोजायचे होते.