गोष्टीतलं ह्ये

माझी शाळा चौथीपतोर. माहेर पाटणकडचं, दिलं तासगावच्या बाजूला. मालक फौजेत हुतं तवर घर माझ्या हातात. नव्वद सालाच्या पुढं ते पेन्शनीवर आलं आन दारात खुर्ची टाकून बसलं. कुठं चाललीस, कवा येशील. दोनच वाटा मोकळ्या राहिल्या. एक बेदाण्याच्या शेडात कामाला, दुसरी दुपारच्याला देवळात साक्षरतेच्या वर्गाला. ती बी वर्गाच्या बाई सोता घरी येऊन बोलल्या म्हणून.

मला लिवता येतंय बघून बाईंनी एक वही दिली. म्हणल्या, "मावशी, रोज एक पान लिहा. गोष्ट लिहा. खरीच पाहिजे असं नाही."

शेडात बेदाण्यातल्या काड्या निवडता निवडता मी गोष्ट जुळवायची आन शेजारच्या बाईला सांगायची. तिचा हात थांबला तर जमलं म्हणायचं. न्हाई थांबला तर तेवढं टाकून द्यायचं. घरी आलं की मग पान लिवायचं.

पयली गोष्ट बायकूला कोंडून ठेवणाऱ्या माणसाची. आमच्यात बायकू मालकाचं नाव घेत न्हाई. जलमभर 'ह्ये'च म्हणलेलं, तर पेन्सिलीतनं बी त्येच आलं. "ह्ये दारू पिऊन आलं. ह्येंनी भायेरनं कडी घातली."

मालकांनी वही उघडली.

"मी कवा दारू पिऊन आलो गं?"

"आवं, ते तुमी न्हवं. गोष्टीतलं हाय."

"ह्ये म्हंजे मीच की. दुसरा कोण हाय तुजा ह्ये?"

वही त्यांनी ट्रंकेत टाकली, किल्ली करदोड्याला. आठ दिस पान झालं न्हाई.

शेडातली बाई म्हणाली, "आगं त्याला नाव दे की. ह्ये ह्ये केलंस की आमाला तुजा मालकच दिसतोय मिशीसकट."

वर्गाच्या बाईंकडनं दुसरी वही आणली. त्या माणसाला नाव दिलं. लिवताना कान तापलं, पर नाव दिल्यावर तो माणूस येगळाच झाला. पानात एके ठिकाणी रडला बी. माझे ह्ये कवा रडलेलं मी बगितलं न्हवतं, तरी मला लिवता आलं. लय बरं वाटलं.

ती बी त्यांनी वाचली.

"ह्यो कोण?"

"कोन न्हाई."

"ह्या नावाचा गावात एकच हाय, दूध घालणारा. तो रडतो ते तुला कुठनं ठावं?"

चार दिस दूध बंद. वर्ग बी बंद.

तिसऱ्या बारीला म्या माणूसच काढला. गोष्टीतली बाई रांडाव केली, नवरा आधीच मेलेला. त्यांनी वाचलं. दोन दिस जेवलं न्हाईत. ते पान म्या माज्या हातानं फाडलं.

मग म्हशीवर लिवलं. शेजारच्यांच्या दावणीला बांधलेली म्हस दिसभर काय बगती, काय म्हणती. ह्येंनी दोनदा वाचलं.

"ह्ये बेस हाय. म्हशीचं कुणाला काय वाटणार? लिव की."

वर्गाला बी जाऊ दिलं. म्हशीवर तीन वह्या भरल्या, रोज एक पान. बाई वाचून खूश झाल्या. म्हणल्या, "मावशी, आता यात माणसं आणा."

"आणती की," म्हणलं.

आणली न्हाईत.