भरती आली की चित्र जायचं

मी शिडीवर, हातात सिग्नल मीटर, अन् खाली खिडकीतून हेझलबाई ओरडून सांगत होत्या, "परफेक्ट, डियर. याहून चांगलं कधी दिसलंच नाही."

हीच तर पंचाईत होती. माझा मीटरही तेच म्हणत होता. सिग्नल झकास, केबल नवी, अँटेनाचं तोंड बरोबर टॉवरकडे. आणि या बाईंनी महिन्याभरात आमच्या स्टेशनला पाच फोन केले होते की टीव्ही मध्येच बंद पडतो.

मी तेव्हा कॅनडात, हॅलिफॅक्सच्या एका टीव्ही स्टेशनात ट्रान्समिशन इंजिनिअर होतो. ट्रान्समिशन म्हणजे टॉवरवरून हवेत सिग्नल सोडणं. तो लोकांच्या घरात नीट उतरतो की नाही, हे बघणं माझं काम नव्हे. पण २०११ चा ऑगस्ट संपला, आम्ही अ‍ॅनालॉग बंद करून डिजिटल सुरू केलं, अन् फोनवर फोन यायला लागले. बहुतेकांना चॅनल पुन्हा स्कॅन करा म्हटलं की काम भागायचं. हेझलबाईंचं भागेना. शेवटी आमचे चीफ इंजिनिअर ग्लेन म्हणाले, "मेश्राम, तू एकदा जाऊनच ये."

फंडीच्या उपसागराच्या काठी, कड्यावर एकटंच लाकडी घर. खाली छोटा धक्का, समोर नुसतं पाणी, अन् पाण्यापलीकडे चाळीसेक किलोमीटरवरच्या टेकडीवर आमचा टॉवर. मध्ये झाड नाही की इमारत नाही. अँटेनासाठी याहून चांगली जागा शोधून सापडली नसती, असं मला वाटलं.

इथे डिजिटलचा स्वभाव सांगायला हवा. अ‍ॅनालॉगमध्ये सिग्नल अशक्त झाला की चित्रात मुंग्या यायच्या, माणसाला दोन-दोन नाकं दिसायची, पण माणूस ओळखू यायचा. डिजिटलमध्ये तसं नाही. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र लख्ख, अन् तसूभर कमी पडला की काळा पडदा. आमच्या धंद्यात याला क्लिफ म्हणतात, म्हणजे कडा. तुम्ही एक तर कड्यावर असता, नाही तर नसताच.

खाली उतरलो तेव्हा हेझलबाईंनी चहा अन् ओटकेक पुढे ठेवले. त्यांचे मिस्टर वॉल्टर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. जन्मभर मासेमारी केलेला माणूस. वर्षापूर्वी स्ट्रोक झाला, उजवा हात गेला अन् बोलणंही गेलं. पण संध्याकाळी सहाच्या बातम्यांत हवामान लागलं, की वाऱ्याची दिशा सांगणाऱ्या बाईच्या मागोमाग ते शब्द म्हणायचे. साउथवेस्ट. फॉग. गेल, म्हणजे सोसाट्याचा वारा. दिवसभरात तेवढंच. स्पीच थेरपिस्टनं बजावून ठेवलं होतं की ही सवय मोडू देऊ नका, याच धाग्यानं बाकीचं बोलणं परत येईल. त्या रस्त्यावर केबल आलेली नव्हती, अन् डिशवर आमचं लोकल चॅनल नव्हतं.

"ज्या दिवशी सहाला चित्र जातं, त्या दिवशी ते एक शब्दही बोलत नाहीत," हेझलबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करायला त्यांना फार कष्ट पडतात."

आम्ही बोलत असताना वॉल्टर डाव्या हातानं सारखं खिडकीकडे बोट दाखवत होते. हेझलबाई उठल्या, त्यांनी पडदा ओढला. स्क्रीनवर उजेड पडला की त्यांना त्रास होतो, म्हणाल्या. वॉल्टरनी नाही अशी मान हलवली, पुन्हा बोट दाखवलं. बाईंनी पडदा उघडला. वॉल्टरनी पुन्हा नाही अशी मान हलवली. महिनाभर हेच चाललंय, असं बाई थकल्या आवाजात सांगत होत्या.

मी तासभर थांबलो. चित्र काही गेलं नाही. रिपोर्टवर लिहिलं: नो फॉल्ट फाउंड. आणि बाईंना बरं वाटावं म्हणून अँटेनाचा खांब दहा फूट उंच करून दिला. उंची वाढली की रिसेप्शन सुधारतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. दोन आठवड्यांनी ग्लेननी मला बोलावलं. आधी चित्र वीस-पंचवीस मिनिटं जायचं, आता दीड-दीड तास जातं, अशी तक्रार होती. सोबत पोस्टानं आलेल्या काही झेरॉक्स. घरात टीव्ही दिवसभर चालू असायचा, अन् हेझलबाईंनी एका वहीत प्रत्येक वेळ लिहून ठेवली होती: कधी गेलं, कधी आलं. शेवटच्या पानावर एकच ओळ होती, वॉल्टर चार दिवसांत काहीही बोललेले नाहीत.

"शेजारच्या कुणाचं तरी मशीन अडथळा आणत असेल," ग्लेन म्हणाले. "टॉवर ठीक आहे. तक्रार मिटव, क्लोज द टिकेट."

"शेजार नाहीच तिथे."

"मग तू काय करणार आहेस?"

मी शुक्रवारपर्यंत मुदत मागितली अन् झेरॉक्स घरी घेऊन आलो.

खरं सांगतो, माझा अहंकार दुखावला होता. नागपूरला शिकलो, वीस वर्षं याच धंद्यात घालवली, अन् एका म्हातारीची वही मला वाचता येईना. जेवताना मी ती ताटाशेजारी मांडून बसलो होतो. माझी बायको शालिनी रत्नागिरी जिल्ह्यातली. तिचे वडील खाडीत तरीवर होते, म्हणजे माणसं या काठावरून त्या काठावर नेणाऱ्या होडीवर. भाजी वाढता वाढता तिनं वहीत डोकावलं.

"अहो, हे रोज पाऊण तास पुढे सरकतंय," ती म्हणाली.

"पन्नास मिनिटं. तेच तर कळत नाही, काहून सरकतंय ते."

"त्यात काय कळायचंय? भरती आहे ही."

मी घास ताटात ठेवला अन् वही तिच्यापुढे सरकवली. ती म्हणाली, आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. बाबांनी घड्याळ कधी वापरलंच नाही. मग तिनं भिंतीवरचं गावाकडून आलेलं कॅलेंडर काढलं. आमच्या घरी पौर्णिमेला बुद्धवंदना असते, म्हणून ते हॅलिफॅक्सलाही लागतंच. तिथी अन् वही शेजारी ठेवून तिनं बोटांवर हिशेब केला. इथला आकडा तासभर चुकत होता, किनारा वेगळा, पण सरकणं तंतोतंत तेच.

"तुम्हा नागपूरवाल्यांना समुद्र म्हणजे फुटाळा तलाव," ती म्हणाली अन् वरण वाढायला लागली.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. पाण्यावरून येणाऱ्या सिग्नलबद्दल मी कॉलेजात वाचलं होतं. टॉवरचा सिग्नल घरी दोन वाटांनी पोचतो. एक सरळ हवेतून, दुसरी पाण्यावर आपटून. दोन्ही एका तालात आले तर जोर वाढतो. बेताल आले तर एकमेकांना पुसून टाकतात. ताल बिघडायला या दोन वाटांच्या लांबीत वीतभर फरक पडला तरी पुरतो. परीक्षेत हे लिहून मला चांगले मार्कही मिळाले होते. पण त्या पुस्तकातलं पाणी हलत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथे भरती होती. मी दुपारीच पोचलो. व्हॅनमध्ये दुसरी अँटेना, केबल, अन् हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेला एक साधा स्विच. वारा पडलेला होता. धक्क्याशी बघितलं तर पाणीच नाही. मासेमारीच्या बोटी खाली, दूर खाली, लाल चिखलात कुशीवर पडलेल्या. मागच्या वेळी मी शिडीवर चढून मीटरकडे बघत होतो. हे मी बघितलंच नव्हतं.

मग पाणी आलं. लाटा नाहीत, आवाज नाही, नुसतं चढत आलं. मी काम करता करता मान वर करायचो, तर एक खडक गायब झालेला असायचा. बोटी सरळ झाल्या, उचलल्या गेल्या, वर येत राहिल्या. पाच वाजेपर्यंत त्या धक्क्याच्या बरोबरीला आल्या होत्या. चार मजली इमारत बुडेल एवढं पाणी, अन् समोरचा सगळा उपसागर काचेसारखा स्थिर. मी पाना हातात धरून तसाच उभा राहिलो. बाप्पा, केवढं ते. चंद्र हे सगळं ओढून आणतो, दिवसातून दोनदा, अन् जाता जाता एका घरातला टीव्ही बंद करून जातो.

माझी चूकही तेव्हा समजली. आधी अँटेना अशा उंचीवर होती की पाणी चढता-उतरताना वाईट जागा, म्हणजे सिग्नल पुसला जाणारी पातळी, पटकन ओलांडायचं. मी खांब उंच केला अन् ती वाईट जागा नेमकी भरतीच्या माथ्यावर नेऊन ठेवली, जिथे पाणी तासभर थांबतं.

दुसरी अँटेना मी त्याच खांबावर बारा फूट खाली बसवली. वरची रुसेल तेव्हा खालची चालेल, खालची रुसेल तेव्हा वरची. दोन्ही केबल त्या स्विचला आणल्या. स्विच ए-वर असला की वरची, बी-वर असला की खालची.

हेझलबाईंना भरतीचं सांगितलं तेव्हा त्या मटकन खुर्चीत बसल्या. पन्नास वर्षं यांच्या भरतीवर माझा स्वयंपाक चालला, म्हणाल्या, अन् टीव्हीचा संबंध लावायचं मला सुचलं नाही. मग त्यांनी वॉल्टरकडे बघितलं. वॉल्टर खिडकीकडे बोट दाखवून थांबले होते. या वेळी पडद्याला कुणी हात लावला नाही. आम्ही दोघांनी पाण्याकडे बघितलं.

मला मनापासून लाज वाटली. पहिल्या दिवशी माझ्याकडे बारीकसारीक मोजणारा मीटर होता, अन् ज्याला टीव्हीचा आजार कळला होता त्या माणसाला मी धड बघितलंही नव्हतं.

स्विच मी भिंतीवर लावणार होतो. वॉल्टरनी डावा हात पुढे केला, म्हणून त्यांच्या खुर्चीच्या हातावर लावला.

पाच पन्नासला चित्र तुटायला लागलं, चौकोन झाले, मग काळं पडलं. हेझलबाईंनी माझ्याकडे बघितलं. वॉल्टरनी आधी पाण्याकडे बघितलं, मग सावकाश अंगठ्यानं स्विच बी-वर ढकलला. दोन-तीन सेकंद काही झालं नाही. डिजिटलला सिग्नल धरायला तेवढा वेळ लागतो, हे मला माहीत होतं, तरी ते सेकंद फार लांब गेले. अन् चित्र आलं.

बातम्या झाल्या. हवामान लागलं. बाई नकाशासमोर उभी राहून म्हणाली, साउथवेस्ट. वॉल्टरचे ओठ हलले, आवाज नाही. ती पुढे गेली, फॉग म्हणाली. पुन्हा काही नाही. हेझलबाईंनी ओट्याकडे तोंड फिरवलं.

मग ते बोलले, पण टीव्हीमागून नाही. खिडकीकडे बोट करून, माझ्याकडे बघत, एकेक अक्षर ओढत बोलले, "हाय वॉटर." म्हणजे पूर्ण भरती.

हेझलबाई तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. नंतर म्हणाल्या, वर्षभरात त्यांनी स्वतःहून काढलेले हे पहिले शब्द.

शुक्रवारी मी रिपोर्ट दिला. कारण या रकान्यात लिहिलं होतं: टाइड. ग्लेननी तो दोनदा वाचला.

"म्हणजे चंद्र?"

"हो."

"अन् त्यावर उपाय?"

"वॉल्टर," मी म्हणालो.

त्यांनी सही केली. हेझलबाईंचा फोन नंतर एकदाच आला, वॉल्टर आता स्विच बदलायच्या आधी पाच मिनिटं सूचना देतात, अन् आवाज चढवून देतात, हे सांगायला. त्यानंतर माझ्या व्हॅनमध्ये मीटरशेजारी भरतीचं वेळापत्रक कायम असायचं. घरातलं माणूस जिकडे बोट दाखवेल तिकडे मी आधी बघायचो, अन् मगच शिडी काढायचो.