चौथं बोट

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. तेव्हा तुम्ही माझी उडवलीत तरी तक्रार नाही... पण घडलं ते असं.

लढाईची वर्षं. दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, खापरहून तळोद्याकडे सागाचे ओंडके नेणारी लॉरी चालवायचे. मी त्यांच्याच हाताखाली स्टिअरिंग धरायला शिकलो.

पावसाळ्यात त्या कच्च्या रस्त्यावर अर्धाच माल न्यायचा, असा सरकारी नियम. वजनाचा काटा कुठला असायला! नाकेदार मागच्या चाकाशी वाकून स्प्रिंगचे पाटे आणि वरची चेसीस यांच्या फटीत हात घालायचा. माल जितका जड तितकी फट कमी; चार बोटं मावली की फळीवर एक थाप — जा. नाही मावली तर दोन — मागे फिर. नाल्यावरच्या फरशी-पुलाअलीकडे दगा बाबांचा नाका होता. नाव दगा, पण माणूस सरळ. कापसाची सरकी काढायच्या जिनमध्ये त्यांची करंगळी गेलेली, त्यामुळे तिथे तीन बोटांवर भागायचं. सगळे ड्रायव्हर त्याच बेताने थोडा जादा माल भरत, दाजीसुद्धा.

त्या सकाळी लॉरी भरून झाल्यावर दाजी म्हणाले, "भिका, मन्ही कंबर धरायनी. आज तूच ली जाय लॉरी."

एकट्याने, पहिल्यांदाच! मला स्वर्ग दोन बोटं उरला. दाजींच्या पाया पडून निघालो.

दुपारी नाक्याशी आलो तेव्हा पावसाने पुढचं दिसेना. खिडकीतून डोकं काढून मागे बघितलं. घोंगडी पांघरलेलं कुणीतरी चाकाशी वाकलं होतं. दोन थापा पडल्या.

मी ओरडलो, "दगा बाबा, नेहमीनाच माल शे! जाऊ द्या ना!"

पुन्हा दोन. आधीपेक्षा जोरात.

चरफडत लॉरी मागे घेतली. वीसएक हात आलो असेन... समोरची फरशी मधोमध खचली आणि पाण्याबरोबर गेली.

दगा बाबांचे पाय धरायला उतरलो, तर चौकीला बाहेरून कुलूप! चिटपाखरू नाही. ताडपत्रीच्या आडोशाला, लॉरीच्या फळीवर चिखलाचा ओला पंजा होता. मी मोजला. अंगठा, आणि चार बोटं. करंगळी सगळ्यात ठसठशीत.

लॉरी तिथेच सोडून चालत खापरला आलो. आधी दगा बाबांच्या घरी गेलो, तर ते चार दिवस तापाने अंथरुणात. माझं ऐकून त्यांनी हात पुढे केला.

"मन्हा हातले करंगळी कोठे शे, भाऊ?" मग एकदम उठून बसले. "आन तू तठे गयाच कसा? काल तुन्हा दाजी माले देखाले उना व्हता. फरशी फाटेल शे, लॉरी धाडू नको, आसं सांगं मी त्याले!"

घरी आलो. दाजी अंगणात उभे होते. कंबर अगदी ताठ. मी विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू मन्हापेक्षा हलका शे. निंघी जाशी आसं वाटनं."

ज्याच्या पाया पडून निघालो त्याने मला जाणूनबुजून त्या फरशीवर पाठवलं होतं. भीती मला त्या पंजाची नाही, याची वाटते.

ते चौथं बोट कुणाचं, मला आजवर कळलेलं नाही. बहिणीला मी यातलं काहीच सांगितलं नाही. दर भाऊबीजेला ओवाळताना ती म्हणायची, "तुन्हा दाजीनी तुन्हा हातमा लॉरी दिन्ही, इसरू नको बरं!"

नाही विसरलो, आक्का.