नुसतं ऐकणारा रेडिओ
मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डाख देतानाचा वास आला, की मला घनसावंगीतली सासरची गच्ची आठवते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी लॅपटॉपला जोडायचा, पेनड्राइव्हएवढा एक स्वस्तातला रेडिओ मागवला होता. तांब्याच्या दोन जाड तारांना केबल डाखून मी स्वतःच अँटेना केला, आणि त्या दिवशी वरून जाणाऱ्या उपग्रहाने पाठवलेलं ढगांचं चित्र स्क्रीनवर ओळीओळीने उतरू लागलं. कोकणची किनार दिसली तशी मी आनंदाने ओरडलेच. पलीकडे शेजारणींबरोबर पापड वाळत घालणाऱ्या सासूबाई तरातरा आल्या. "वायरलेसवर कुणाशी बोलून राह्यली गं?" मी म्हणाले, "आत्याबाई, हे नुसतं ऐकतं. याच्यातून बोलता येतच न्हाई." "मंग तू बी तसंच राहायला शीक," म्हणत त्यांनी तो रेडिओ उपटला आणि पापडाच्या कापडावरचा दगड घेऊन ठेचला. शेजारणी हसल्या. नवरा जिन्यात उभा होता. आदल्याच आठवड्यात त्याने याच रेडिओवर विमानातल्या पायलटांचं बोलणं हेडफोन लावून हौसेनं ऐकलं होतं. मी म्हणाले, "अहो, तुम्ही तरी सांगा ना." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आई म्हणती ते बराबर आहे," आणि खाली निघून गेला. संध्याकाळी खोलीचं दार लावून घेत तो हळूच म्हणाला, "रडू नको, दुसरा घेऊ." इतक्या वर्षांनंतर आजही त्याला वाटतं, मी त्या रेडिओसाठीच रडत होते.