बसलंय तसं बसू द्या

१८ जानेवारी, शनिवार, सकाळी सव्वादहा. हजर: डॉक्टरबाई, माझे थोरले दीर, त्यांचा लॅब्राडोर ब्रुनो आणि मी. आणखी कुणीही नव्हतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण "आम्ही तिथंच होतो" असं सांगणारी माणसं आता आमच्या काष्टी गावात डझनभर झाली आहेत.

बाजाररस्त्यावर एका गाळ्यात बाईंचा दवाखाना होता. जनावर आत आलं की त्या लगेच हात लावत नसत. चार पावलं लांब उभ्या राहून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, पूर्ण मिनिटभर त्याचे श्वास मोजत. लोक वैतागत. "बाई, हात तरी लावा की!" बाई म्हणायच्या, "हात लावला की ते घाबरतं आणि दम वाढतो. मला त्याचा खरा दम बघायचाय."

मग नळी कानाला लावून छाती वरून खालपर्यंत ऐकायच्या. "वर आवाज आहे, खाली नाही. खाली पाणी साठलंय." हे पाणी फुप्फुसात नव्हे, फुप्फुस आणि बरगड्यांच्या मधे साठतं, म्हणून फुप्फुसाला फुगायला जागा उरत नाही, हे त्या प्रत्येकाला न कंटाळता सांगत. गावानं त्यांचं नाव 'पाणीवाल्या बाई' ठेवलं. एकदा वाडीवरचा एक जण टँकर कधी येणार विचारायला आला. "टँकर नाही माझ्याकडं," बाई म्हणाल्या, "पण तुमच्या कुत्र्याला लस दिलीय का?"

माझी मांजर चिंगी कोपर बाहेर काढून, मान ताणून बसायला लागली तेव्हा मला वाटलं, उन्हानं असेल. बाई माझ्यावरच भडकल्या.

"किती दिवस झाले?"

"चार-पाच."

"चार की पाच? किराण्याची यादी करता ना? हिची का नाही केली?"

जागा बधिर करून त्यांनी दोन बरगड्यांच्या मधे सुई घातली. सिरिंजमध्ये घाण वासाचा पू आला. कुठल्या तरी बोक्याचा दात लागला असणार. त्यांनी सिरिंज खिडकीपाशी उजेडात धरली. "दुधासारखं आलं असतं तर वेगळा आजार, पिवळं चिकट आलं असतं तर वेगळा. पाणी काढलं म्हणजे आजार गेला असं नाही. कुठला आजार, ते आता विचारायचं." नमुना तपासायला नगरला गेला. चार दिवस छातीत नळी होती, औषध दीड महिना चाललं. चिंगी जगली. झोपेतले श्वास रोज लिहायचे, तिसाच्या वर गेले की फोन करायचा, ही शिस्त मला त्यांनीच लावली.

त्यांचा एक नियम मात्र कुणासाठीही मोडत नसे. "बसलंय तसं बसू द्या. आडवं केलं की ते आतल्या आत बुडतं. एक्स-रेचा फोटो नंतर, आधी श्वास."

त्या शनिवारी ब्रुनोला माझ्याच गाडीतून नेलं. श्वास अडुसष्ट. बाईंनी छाती ऐकली, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क धरला आणि तो माझ्या हातात दिला. "भाऊ, तुम्ही धरा, पण बसलेलाच." त्या बधिर करायचं औषध भरायला वळल्या. ब्रुनो बिचकला. भाऊजींनी खुरांना पत्री मारायला आयुष्यभर बैल पाडलेत. त्यांनी त्याचे पुढचे पाय ओढले, त्याला कुशीवर पाडलं आणि खांद्यावर गुडघा ठेवला.

"सोडा त्याला! उठा!" बाई ओरडल्या.

"आवो, लई बैल पाडलेत म्या. हे कुत्रं काय हाय! टोचा तुमी, हालू देत न्हाई."

बाईंनी त्यांना ढकलून बाजूला केलं तोवर जीभ निळी पडली होती. त्यांनी घशात नळी घातली, छाती दाबली, वीस मिनिटं सोडलं नाही. मग ताठ उभ्या राहिल्या. "तुम्ही मारलंत त्याला." पाणी काढायची सुई ट्रेमध्ये पाकिटात तशीच होती.

भाऊजींनी खड्डा स्वतः खणला, दोन दिवस जेवले नाहीत. त्या दुःखाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याच संध्याकाळी बाजारात ते सांगत होते, "बाईनं सुई खुपसली आन् कुत्रं जाग्यावर गेलं." सुईनं मरतं, हे गावाला लगेच पटलं. आमच्या गल्लीतली दोन मांजरं दवाखान्यात न नेता घरीच गुदमरून मेली. होळीपर्यंत मालकानं गाळा परत मागितला. बाई आता नागापूरकडे मैत्रिणीच्या दवाखान्यात बसतात. भाऊजींनी वर तक्रारही केली आहे. बाईंची डॉक्टरकीची नोंदणी राहते की जाते, ते चौकशीत ठरेल; तिथं माझाही लेखी जबाब मागितलाय.

बाईंनी मला एकदाच फोन केला. "पाहिलंत तेवढंच लिहा. माझी बाजू घेऊ नका." मग विचारलं, "चिंगीचे श्वास किती?"

"बावीस."

"छान."

आमचे हे म्हणतात, "एका विहिरीवर दोन घरं आहेत आपली, शोभा. कुत्रं तर गेलंच ना?"

"कुत्रं गेलं. आता बाईंना घालवायचं?"

ते ताटावरून उठून गेले. मला त्यांचा राग आहे, भाऊजींचा आहे आणि सगळ्यात जास्त माझा आहे, कारण त्या दिवशी बाजारात मी भाऊजींच्या शेजारी उभी होते आणि गप्प राहिले.

जबाब दीड पानाचा झाला आहे. सोमवारी पोहोचायला हवा, आज शुक्रवार. 'गुडघा' हा शब्द मी एकदा खोडला आणि पुन्हा लिहिला. खाली सही अजून केलेली नाही.